विहिरीच्या घड्याळाची डबी

ज्वारीच्या कणसांत दूध भरलं, भोरड्यांचे थवे उतरू लागले आणि रानोरान गोफणींचे आवाज सुरू झाले, की मला अजूनही बारावीचं वर्ष आठवतं. आमच्याकडे हुरडा आणि परीक्षेचा अभ्यास एकाच हंगामात येतात. एका हाताला कोळशाचा वास आणि दुसऱ्या हातात रसायनशास्त्राचं पुस्तक, असे ते दिवस. यंदा हा हंगाम आला तेव्हा माझ्या नगरच्या घरी टेबलावर, एका स्वच्छ रुमालावर, घड्याळाच्या तीन रिकाम्या डब्या मांडलेल्या होत्या. त्यांतली एक मला निवडायची होती.

डबी म्हणजे घड्याळाचं यंत्र, डायल आणि काटे ज्यात बसतात ते धातूचं घर. घड्याळं बनवणारे तिला केस म्हणतात. आतलं यंत्र जुनंच ठेवून बाहेरची डबी नवी, आपल्या मनासारखी बसवून घेता येते, हे मला यंदाच कळलं. नगरच्याच सावेडी भागात एक तरुण माणूस आपल्या घरातल्या खोलीत बसून अशी घड्याळं जुळवतो. त्याच्याकडे मी आमचं घड्याळ घेऊन गेले आणि म्हणाले, माझ्या वडिलांचं आहे.

खरं तर ते तसं नाही. मिरजगावपासून आत, आमच्या गावी, आमची आणि तात्यांची मिळून एक विहीर आहे. तात्या म्हणजे आप्पांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. आजोबांनी वाटणी केली तेव्हा जमिनीचे दोन तुकडे केले. बैल दोघांना एकेक दिला, म्हणजे पेरणीला पुन्हा एकत्र यावंच लागे. भांडी, पोती, शिडीसुद्धा वाटली. विहीर तेवढी वाटता येईना. मग पाणी वेळेवर वाटलं. लाईट दिवसाची असली की दुपारी दोनपर्यंत पाणी आमचं, त्यानंतर तात्यांचं. आता दोन वाजले हे कोणी ठरवायचं? आजोबांनी आपल्या हातातलं चावीचं घड्याळ काढलं आणि सांगितलं, हे विहिरीचं. थोरल्यानं घालायचं, धाकट्यानं बघायचं.

त्यातून एक रीत पडली. दंड, म्हणजे पाण्याचा मोठा चर, जिथे फुटून दोघांच्या रानात जातो, तिथे आप्पा दोनच्या सुमाराला एका कडेला उभे राहत. तात्या खोरं घेऊन दुसऱ्या कडेला येत. आप्पा वाहत्या पाण्यावरून हात पुढे करत, डायल तात्यांकडे वळवून. तात्या वाकून बघत आणि म्हणत, "झाली." मग पाणी वळायचं. वेळ काय झाली हे दोघांपैकी कोणीच बोलत नसे. घड्याळ दिवसाला थोडं मागे पडायचं, रविवारी एसटी स्टँडवरच्या घड्याळाशी जुळवलं जायचं. पण मधल्या दिवसांत ते मागे आहे अशी तक्रार तात्यांनी कधी केली नाही. दोघांची वेळ एकच होती, तेवढं पुरत होतं.

बारावीच्या वर्षी ही रीत माझ्या वाट्याला आली. आप्पा बैलगाडीवरून पडले आणि त्यांच्या पायाला प्लास्टर बसलं. आई रानात दारं धरायची, म्हणजे एक वाफा भरला की पाणी दुसऱ्यात सोडायची. मी मोटारीच्या खोपीत पुस्तक घेऊन बसायचे. लाईट गेली तर कळावं, मोटारीचा आवाज बदलला तर बटण बंद करावं आणि दोनला जाऊन घड्याळ दाखवावं, एवढं माझं काम. आप्पांनी घड्याळ माझ्या हातात बांधलं तेव्हा शेवटच्या भोकापर्यंत पट्टा ओढूनही ते कोपरापर्यंत घसरत होतं. आईनं खाली रुमाल गुंडाळून दिला. खोपीत ग्रीस आणि ओल्या भिंतीचा वास असायचा. पत्र्याच्या भोकातून उन्हाचं एक नाणं पुस्तकावर पडायचं आणि सावकाश ओळी ओलांडत जायचं.

पहिल्या दिवशी मी दंडावर गेले आणि म्हणाले, "तात्या, दोन वाजले."

तात्या म्हणाले, "सांगू नको, बाई. दाखव."

मी मनगट वर केलं, आपण स्वतः वेळ बघताना करतो तसं. ते हसले. "तुझ्याकडं न्हाई, माज्याकडं. घालनाऱ्याचं घड्याळ नसतंय हे. बघनाऱ्याचं हाय."

मग मी पाण्यावरून हात लांब केला. कमरेत वाकून, आप्पांसमोर वाकायचे तितकंच वाकून, त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "झाली." सतरा वर्षांच्या मुलीला कोणी इतक्या गांभीर्यानं वागवलं की ती जरा उंच होते. त्या हंगामात मी रोज उंच होत होते.

तेव्हाचं बरंच काही आता मिसळून गेलंय. आगटीत भाजलेल्या कणसांचा चटका, काकी तळहातांवर चोळून द्यायच्या तो हिरवा हुरडा, जवसाची चटणी, आणि मध्येच "अणूचं आकारमान सांग" म्हणून मला छळणारी धाकटी भावंडं. एक मात्र स्पष्ट आठवतं. परीक्षा तोंडावर आली आणि माझ्याकडे घड्याळ नव्हतं. विहिरीचं घड्याळ पेपरला न्यावं की नाही, हा आमच्या घरात मोठा प्रश्न झाला. आप्पा म्हणाले, माझ्या एकट्याचं असतं तर दिलं असतं. आई मला घेऊन तात्यांकडे गेली. तात्या शेणाच्या गोवऱ्या रचत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, परीक्षेपुरती विहीर बिनघड्याळाची राहील, बाभळीच्या सावलीवर पाणी वाटू. नंतर आई सांगायची की त्या दिवसांत बाभळीची सावली तात्यांच्या हद्दीत जरा उशिराच पोचायची.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. मिरजगावची शाळा, नगरचं कॉलेज, बी.एस्सी., आणि आता एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी. तिथे माझं काम मापं घेण्याचं आहे. नवीन मुलं येतात आणि म्हणतात, मॅडम, माप बरोबर आहे. मी म्हणते, सांगू नका, दाखवा. हे मी कुठे शिकले ते त्यांना सांगत नाही, पण प्रत्येक वेळी मनात ते आठवतं.

तर हे घड्याळ दिवाळीनंतर पडलं. गव्हाला पहिलं पाणी चालू होतं. पट्टा ज्या दोन कानांत अडकतो त्यांतला एक कान झिजून पार पातळ झाला होता. आप्पा दंडातला गाळ काढत असताना तो तुटला आणि घड्याळ चिखलात गेलं. तात्यांनी पायातलं काढून पूर्ण दंड पायांनी चाचपला आणि संध्याकाळच्या आत ते शोधून दिलं. सावेडीतल्या माणसानं ते उघडलं, आतला गाळ धुतला, यंत्र पुन्हा चालू केलं. डायलही वाचली. डबी मात्र गेली होती. पाठचं झाकण बसत नव्हतं, कडा घामानं खाल्लेल्या. तशी डबी आता नव्यानं मिळत नाही, त्यापेक्षा या यंत्राच्या मापाची करून घेऊ, असं तो म्हणाला. त्यानं तीन नमुने दाखवले. एक मोठी, आरशासारखी चकचकीत स्टीलची, पाठीला काच असलेली. दुसरी पितळेची. तिसरी मध्यम, मंद घासलेल्या स्टीलची, पाठ बंद.

मी आप्पांच्या मनगटाचं माप घेतलं, डब्यांची मापं घेतली, जाडी पाहिली. पहिली मनात भरली. पाठच्या काचेतून आजोबांच्या घड्याळाचं यंत्र हलताना दिसेल, ही कल्पना मला फार आवडली. आप्पांचा मोतिबिंदू काढून झालाय, त्यांना लांबचं आता लख्ख दिसतं. त्यांनी डबी डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली आणि म्हणाले, तुला आवडली ना, मग हीच कर. आमचं ठरलं. दोघांनाही समाधान वाटलं. काही राहून गेलंय असं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आप्पांनी तात्यांना सांगितलं, नवीन डबी करतोय, अशी अशी आहे. तात्या म्हणाले, बरं.

घड्याळ दुरुस्तीला गेल्यापासून दोघे भाऊ बाभळीच्या सावलीवर पाणी वाटत होते; दुसऱ्या दिवसापासून मात्र तात्या दंडावर आले नाहीत. त्यांचा मुलगा सुधीर आला, मोबाईल घेऊन. दोनचा गजर लावलेला. गजर वाजला की तो पाणी वळवायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. मोबाईलची वेळ तर विहिरीच्या घड्याळापेक्षा कितीतरी अचूक. पण एके दिवशी आप्पांच्या कांद्याचा शेवटचा वाफा निम्मा भरला असताना गजर वाजला आणि सुधीरनं पाणी वळवलं. तात्या असते तर खोऱ्यावर रेलून थांबले असते, तंबाखू मळली असती, वाफा भरेपर्यंत कोणाच्या तरी सोयरिकीबद्दल बोलले असते. सुधीरला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. तो वाफा अर्धा काळा, अर्धा पांढरा तसाच राहिला. मग सुधीर घरात म्हणाल्याचं आईनं ऐकलं, की एवढी कटकट कशाला, आपण आपलं बोअर घेऊ आणि मोकळं होऊ.

फोनवर आप्पा मला हे सगळं सांगत होते, अगदी सरळ आवाजात, जसं हवामान सांगावं. शेवटी म्हणाले, "विहीर काय, चालंलच. पन बबन येत न्हाई." बबन म्हणजे तात्या.

त्या दिवशी मी टेबलावरच्या डब्यांकडे बघत बसले. पहिली उचलून मनगटावर धरली. मग सहज, जुन्या सवयीनं, हात लांब केला आणि डायलची बाजू समोर वळवली. समोर कोणी नव्हतं. हे घड्याळ बघणार कोण, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

घड्याळवाल्याला फोन करून थांबायला सांगितलं. त्याला गंमत वाटली. गिऱ्हाईक स्वतःच्या मनगटाचा विचार करतं, समोरच्याच्या डोळ्यांचा कोणी करत नाही, म्हणाला. पण माणूस चांगला. त्यानं जुनी डायल, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर नुसते चिकटवून, तिन्ही डब्यांत आळीपाळीनं बसवून बघता येईल अशी करून दिली. दुकानातली घड्याळं त्याच वेळेवर ठेवतात ना, तशी.

रविवारी मी गावी गेले. तात्या बांधावर एकटेच आगटीजवळ बसले होते. मी शेजारी बसले, रुमाल उलगडला. त्यांनी डब्यांकडे बघितलं, मग आगटीकडे.

"मला कशाला इचारती? घालनार तुझा बाप."

"घालणार आप्पा. बघणार तुम्ही."

त्यांनी आगटीतलं कणीस फिरवलं. मग म्हणाले, "हे आता सुचलं व्हय, शिकल्या-सवरल्या बाईला?"

"आता सुचलं, तात्या."

"बरं. उशिरा का व्हईना." त्यांनी कणीस माझ्या हातात दिलं. पण ते उठले नाहीत. मला वाटलं होतं राग गेला की ते लगेच उठतील. ते म्हणाले, तुमीच ठरवा, कोनतीबी चालंल, माझं काही म्हननं न्हाई. मी म्हणाले, सांगू नका, बघा. तेव्हा ते हसले आणि नाइलाजानं उठले.

आप्पांना हाक मारली. ते येताना जरा भरभरच आले. दोघे भाऊ दंडाच्या दोन कडांना उभे राहिले. दोन वाजायला थोडाच वेळ होता, मोटार चालू होती, ऊन डोक्यावर होतं. मी पहिली डबी आप्पांच्या मनगटावर धरली. आप्पांनी हात पुढे केला. उन्हाची तिरीप थेट तात्यांच्या डोळ्यांत गेली.

"घड्याळ हाय का आरसा?" ते मागे सरकले. "ह्याच्यात बघून दाढी करायची का?"

दुसरी, पितळेची. तात्या म्हणाले, आप्पा, ही घालून तू वरातीत घोड्यावर बसायचा. आप्पाही हसले. त्यांना एकमेकांशी बोलून किती दिवस झाले होते ते त्या हसण्यावरून मला कळलं.

तिसरी डबी चमकत नव्हती. डायल स्वच्छ दिसत होती. माझ्या जागेवरूनही काटे नीट ओळखू येत होते. तात्या कमरेत वाकले. नेहमीसारखं, अगदी नेहमीइतकंच.

"ही चांगली," ते म्हणाले. "दोनाला धा कमी."

काटे दहा वाजून दहा मिनिटांवर चिकटवलेले होते.

लहान काटा दहावर, मोठा दोनवर. ज्याला लहान कोणता आणि मोठा कोणता हे दिसत नाही, त्यालाच ते दोनाला दहा कमी वाटेल. आणि त्यालाही ते तसंच वाटावं, कारण सूर्य दोनच्या जवळच आला होता. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांच्याही लक्षात आलं होतं.

"बबन," आप्पा म्हणाले, "कवापासनं दिसत न्हाई?"

तात्या सरळ झाले. खोटं सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. "दोन सुगी झाल्या," ते म्हणाले. "धूर धरल्यावानी दिसतंय. जुनं घड्याळ अंगवळनी पडलं हुतं. हे नवीन आनलं की कुनीतरी इचारनार, किती वाजलं, दिसतंय का चांगलं."

"मग दोन सुगी वाकून काय बघत हुतास?"

"तुझं त्वांड. खोटं बोलायचं असलं की तू लहानपनापासनं खाली बघतोस. खाली बघितलं न्हाईस, की म्या म्हनायचो झाली."

आप्पांनी आता मात्र खाली बघितलं, आणि बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता डोळ्यांच्या दवाखान्याची गोष्ट निघेल. ती निघालीच, पण आधी त्यांनी दुसरं काही केलं. आपल्या मनगटावरची ती डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "माप त्येच्या हाताचं घे. बबन घालंल. बघायचं काम आता माझं."

तात्या म्हणाले, आजोबांनी सांगितलंय, थोरल्यानं घालायचं. आप्पा म्हणाले, आजोबांनी सांगितलं तेव्हा धाकट्याला दिसत होतं. ज्याला दिसतंय त्यानं बघायचं, याच्यात आजोबांचं काय मोडलं? तात्यांनी खोरं खाली ठेवून हात पुढे केला. मी खिशातला दोरा काढून त्यांच्या मनगटाला गुंडाळला. आप्पांपेक्षा त्यांचं मनगट जाड आहे. इतक्या वर्षांत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या मनगटावर घड्याळ कधी बसलंच नव्हतं.

मी कंपनीत मापं घेते तेव्हा एक प्रश्न पहिला विचारते, हा भाग कशात बसणार आहे. घरच्या घड्याळाला तो विचारायला मला एवढे दिवस लागले. त्या दुपारी डबीची निवड मात्र पटकन झाली. तिसरी, मंद स्टीलची. ऊन पडलं तरी समोरच्याला दिसेल अशी. कान जाड, म्हणजे झिजायला दोन पिढ्या लागतील. चावी जरा मोठी, कारण तात्यांची बोटं जाड आहेत आणि बघून नाही तर चाचपून चावी द्यायची आहे. पाठ बंद. पाठच्या काचेचा हट्ट मी सोडला. तात्यांनी विचारलं होतं, आतलं यंत्र दिसतं ते कोणाला, मनगटाला?

सुधीरशी मी वेगळी बोलले. वडिलांच्या डोळ्यांचं त्याला काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, ताई, नगरला दवाखान्याचं तू बघ, मी घेऊन येतो. बोअरचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. पुढच्या साली तो पुन्हा निघेल कदाचित. त्याची जमीन, त्याचा संसार. एका घड्याळानं सगळं मिटतं असं मी म्हणणार नाही.

घड्याळ तयार होऊन आलं तेव्हा हुरड्याचे दिवस सरले होते, कणसं पिवळी पडून टणक झाली होती. ज्वारी उपटायच्या आधी गव्हाला आणि कांद्याला पाणी चालू होतं. मी मुद्दाम सुट्टी काढली. तात्यांच्या हातात मीच ते बांधलं. त्यांनी मनगट दोनदा वर-खाली केलं, कानाला लावलं. आत टिकटिक आजोबांचीच होती. काकी म्हणाल्या, आता जेवताना डावा हात वर धरून बसू नका म्हणजे झालं. दवाखान्याची तारीख ठरली आहे, ज्वारीची काढणी झाल्यावरची. तात्यांनी आधीच बजावलंय की डोळे झाले तरी घड्याळ परत मागायचं नाही. आप्पा म्हणाले, ते विहिरीला विचारावं लागेल.

दोन वाजायच्या सुमाराला तात्या खोरं घेऊन दंडाच्या त्यांच्या कडेला गेले. आप्पा या कडेला उभे होते. मोटार चालू होती, पाणी आमच्याकडे वाहत होतं. तात्यांनी हात पुढे केला, पण डायल स्वतःकडेच राहिली. त्यांनी आयुष्यभर फक्त बघितलं होतं, दाखवलं कधी नव्हतं. आप्पांनी पाण्यावरून त्यांचा हात धरला आणि हलकेच आपल्याकडे वळवला. मग वाकले. कमरेत, नीट, घाई न करता. नुसती मान हलवून चाललं असतं, उन्हावरून वेळ दोघांनाही कळत होती. पण त्यांनी पूर्ण बघितलं, आणि पाणी वळवताना दोघांपैकी कोणी आजवर बोललं नव्हतं ते मोठ्यानं बोलले.

"दोन वाजून एक मिनिट."

तात्यांनी ऐकलं. घड्याळावरून बोट फिरवलं.

"झाली," ते म्हणाले, आणि पाणी वळवायला वाकले.